अश्वशक्तीचे आकडे आणि हॅमट्रॅमॅकची जमीन : अमेरिकन मसल कार व विद्युत मोटार यांच्या तुलनेचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

अमेरिकेतील मोटारशौकिनांमध्ये गेली काही वर्षे एक वाद सातत्याने चालत आला आहे. १९६४ ते १९७४ या काळात डेट्रॉइटच्या कंपन्यांनी मध्यम आकाराच्या सांगाड्यात अवाढव्य व्ही-आठ इंजिन बसवून ज्या मोटारी विकल्या, त्यांना 'मसल कार' असे नाव पडले. त्या जुन्या मोटारी श्रेष्ठ, की त्यांचीच नावे धारण करून एकविसाव्या शतकात आलेल्या नव्या पेट्रोल मोटारी श्रेष्ठ, असा या वादाचा मूळ प्रश्न होता. २०१२ साली टेस्ला कंपनीची 'मॉडेल एस' रस्त्यावर आली आणि वादात तिसरा पक्ष दाखल झाला. विद्युत मोटारीचे समर्थक सेकंदांचे आकडे पुढे करतात, तर जुन्या मोटारींचे चाहते आवाज, वास आणि हाताला जाणवणारा थरथराट यांची साक्ष काढतात. दोघेही एकमेकांचे म्हणणे ऐकून घेतात असे मात्र दिसत नाही.

इतिहासाच्या अध्यापकाने मोटारींवर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. प्रस्तुत लेखकाला हा विषय वर्गातच सापडला. औद्योगिकीकरणाच्या प्रकरणात फोर्डची असेंब्ली लाइन शिकवीत असताना एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, १९७० ची डॉज चार्जर जास्त ताकदवान की आताची टेस्ला?" तेव्हा ४२५ आणि १,०२० असे अश्वशक्तीचे दोन आकडे फळ्यावर लिहून उत्तर दिले होते. ते उत्तर चुकीचे होते, हे पुढे वाचन करताना लक्षात आले. विजेता चुकला होता असे नव्हे. ते दोन आकडे एकाच मापाचे नव्हते.

मसल कार ही मूलतः वेगाची नव्हे, तर किमतीची कल्पना होती. सामान्य वेतनाच्या तरुणाला परवडेल अशा दरात मिळणारी शक्ती, हा तिचा अर्थ होता. हा अर्थ विसरून केवळ अश्वशक्तीची तुलना केली तर भूतकाळ आणि वर्तमान या दोहोंविषयी आपली समजूत चुकते, असे या लेखात दाखवावयाचे आहे. त्यासाठी प्रामुख्याने द्वितीयक साधनांचा आधार घेतला असून, शेवटी हॅमट्रॅमॅक येथील एका जमिनीचा इतिहास तपासला आहे. योगायोग असा की मसल कार आणि विद्युत मोटार या दोन्हींची निर्मिती त्या एकाच जमिनीवर झाली.

एका नियमभंगाची फलश्रुती

शक्तिशाली इंजिन आणि हलका सांगाडा यांचे मिश्रण १९६४ च्या आधीही होते. १९४९ ची ओल्डस्मोबाइल 'रॉकेट ८८' आणि १९५५ ची ३०० अश्वशक्तीची क्रायस्लर 'सी-३००' ही त्याची उदाहरणे. परंतु 'सी-३००' ही श्रीमंतांची मोटार होती. याउलट तरुण मंडळी जुन्या फोर्ड मोटारी स्वस्तात घेऊन त्यांची इंजिने घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हाताने बदलत असत. कारखान्यातील महाग शक्ती आणि गॅरेजमधील स्वस्त शक्ती असे हे दोन स्वतंत्र प्रवाह होते. मसल कारने त्यांचा संगम घडविला.

हा संगम नियम मोडून झाला, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. जनरल मोटर्सने जानेवारी १९६३ मध्ये आपल्या सर्व विभागांना शर्यतींपासून दूर राहण्याचा आदेश दिला. त्याचप्रमाणे मध्यम आकाराच्या मोटारींत ३३० घनइंचापेक्षा मोठे इंजिन बसवू नये, असाही कंपनीचा अंतर्गत दंडक होता. शर्यतींवर आपली प्रतिमा उभी केलेल्या पाँटिॲक विभागाची यामुळे कोंडी झाली. तेथील मुख्य अभियंता जॉन डिलोरियन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पळवाट शोधली. दंडक नव्या मॉडेलला लागू होता; ग्राहकाने जादा पैसे देऊन मागितलेल्या ऐच्छिक साधनसंचाला तो लागू होतो, असे कोठे लिहिले नव्हते. तेव्हा 'टेम्पेस्ट' या साध्या मोटारीत ३८९ घनइंचाचे इंजिन सुमारे २९५ डॉलर जादा घेऊन बसवून देण्याची सोय करण्यात आली. या संचाला 'जीटीओ' असे नाव दिले. पहिल्याच वर्षी अशा ३२,४५० मोटारी खपल्या; १९६६ मध्ये हा आकडा सुमारे ९७ हजारांवर गेला. वरिष्ठांनी मग नियमाचा आग्रह धरला नाही. खपापुढे नियमाचे काय चालते, याचा हा नमुनाच म्हणावा लागेल.

१९६४ हे वर्ष का, याचे उत्तर लोकसंख्येत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जन्मदर झपाट्याने वाढला. १९४६ साली जन्मलेली मुले १९६४ मध्ये अठरा वर्षांची झाली. त्यांच्यापैकी अनेकांना कारखान्यांत संघटित कामगाराचे वेतन मिळत होते आणि मोटार हप्त्याने घेता येत होती. या ग्राहकाला सर्वांत अचूक ओळखले ते प्लिमथने. १९६८ च्या 'रोड रनर' मॉडेलमधून गालिचा, सुटी आसने यांसारखे सर्व लाड काढून टाकले. ३८३ घनइंचाचे, ३३५ अश्वशक्तीचे इंजिन तेवढे ठेवले. कार्टूनमधील पक्ष्याचे नाव वापरण्यासाठी वॉर्नर ब्रदर्सला ५० हजार डॉलर मोजले आणि त्या पक्ष्यासारखा वाजणारा भोंगा बसविला. मोटारीची मूळ किंमत मात्र तीन हजार डॉलरच्या आत ठेवली. १९७० साली अमेरिकन कुटुंबाचे मध्यक वार्षिक उत्पन्न ९,९०० डॉलरच्या जवळपास होते. म्हणजे ही मोटार एका सामान्य कुटुंबाच्या वर्षाच्या मिळकतीच्या तिसऱ्या हिश्श्यात बसत होती. पहिल्या वर्षी सुमारे ४५ हजार 'रोड रनर' विकल्या गेल्या, यात आश्चर्य नाही.

आकड्यांची साधनचिकित्सा

कोणताही दस्तऐवज वापरण्यापूर्वी तो कोणी, कोणासाठी आणि कोणत्या हेतूने तयार केला हे पाहावे, असे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. अश्वशक्तीचा आकडा हाही दस्तऐवजच आहे; त्याच्या बाबतीत मात्र ही खबरदारी क्वचितच घेतली जाते.

१९७१ पर्यंत अमेरिकन कंपन्या 'स्थूल' अश्वशक्ती जाहीर करीत. इंजिन मोटारीतून बाहेर काढून चाचणीच्या चौकटीवर ठेवायचे, त्याचा पंखा, आल्टरनेटर, हवेचा गाळणा, सायलेन्सर इत्यादी शक्ती खाणारे भाग उतरवायचे आणि मग मोजमाप करायचे, अशी ती पद्धत होती. १९७२ पासून 'निव्वळ' अश्वशक्तीची पद्धत रूढ झाली. तीत हे सर्व भाग जोडलेले असतात. क्रायस्लरच्या प्रसिद्ध ४२६ घनइंचाच्या 'हेमी' इंजिनाचा स्थूल आकडा ४२५ होता. संक्रमणाच्या वर्षी, १९७१ मध्ये, त्याच इंजिनाचा निव्वळ आकडा ३५० असा छापला गेला. इंजिनातील एक खिळाही न बदलता ७५ घोडे कागदावरून नाहीसे झाले! आजच्या पेट्रोल मोटारींचे आकडे निव्वळ पद्धतीचे असतात. त्यामुळे २०१५ च्या चॅलेंजर 'हेलकॅट'चे ७०७ आणि १९७० च्या हेमीचे ४२५ हे आकडे शेजारी ठेवणे म्हणजे मणाची आणि क्विंटलची बेरीज करण्यासारखे आहे. फळ्यावर आम्ही केलेली चूक हीच होती.

दुसरीकडे काही आकडे मुद्दाम कमी सांगितले जात. विमा कंपन्या अश्वशक्ती पाहून हप्ता ठरवीत आणि शर्यतींतील गटवारीही त्यावरच होई. त्यामुळे खरी शक्ती दडविण्यात कंपन्यांचा आणि गिऱ्हाइकांचा फायदाच होता. म्हणजे त्या काळातील आकड्यांत अतिशयोक्ती आणि लपवाछपवी या दोन्ही प्रवृत्ती एकाच वेळी नांदत होत्या. कोणत्या मोटारीच्या बाबतीत कोणती प्रबळ होती, हे प्रत्येक वेळी तपासावे लागते.

तत्कालीन नियतकालिकांची साक्षही निर्दोष नाही. 'कार अँड ड्रायव्हर'ने मार्च १९६४ च्या अंकात पाँटिॲक 'जीटीओ' आणि इटलीच्या फेरारी 'जीटीओ' यांची तुलना छापली आणि पाँटिॲकने ६० मैलांचा वेग ४.६ सेकंदांत गाठल्याचे नमूद केले. हा अंक पुढे मसल कारच्या आख्यायिकेचा जणू आधारग्रंथ ठरला. पाँटिॲकच्या जाहिरातीची बाजू सांभाळणारे जिम वँगर्स यांनी अनेक वर्षांनंतर कबुली दिली की चाचणीसाठी दिलेल्या मोटारीत ३८९ ऐवजी ४२१ घनइंचाचे इंजिन गुपचूप बसविले होते. बखरीतील सैन्याचे आकडे वाचताना आपण जी सावधगिरी बाळगतो, तीच येथेही बाळगावयास हवी.

विद्युत मोटारीचे आकडे या दोषापासून मुक्त आहेत असे समजण्याचे कारण नाही. २०२१ च्या टेस्ला 'मॉडेल एस प्लेड'साठी कंपनीने ६० मैलांच्या वेगाला १.९९ सेकंद असा दावा केला. त्यात मोटार हलल्यानंतरचा पहिला एक फूट मोजलेला नाही. शर्यतीच्या पट्ट्यावरून आलेली ही जुनी रीत आहे. डॉजने २०२३ मध्ये १,०२५ अश्वशक्तीच्या चॅलेंजर 'डेमन १७०'साठी १.६६ सेकंदांचा दावा केला, तोही खास तयार केलेल्या पट्ट्यावरचा आणि याच रीतीचा होता.

असे असूनही एक गोष्ट निर्विवाद आहे. विद्युत मोटर फिरू लागताच जवळपास पूर्ण टॉर्क देते. पेट्रोल इंजिनाला त्यासाठी आधी फेरे वाढवावे लागतात आणि मध्ये गीअर बदलावा लागतो. त्यामुळे उभ्या स्थितीतून वेग पकडणे ही मसल कारने स्वतःच ठरविलेली कसोटी असेल, तर त्या कसोटीत विद्युत मोटार पुढे गेली आहे. त्याला 'प्लेड'सारख्या महाग मोटारीचे उदाहरणही आवश्यक नाही. शेवरोलेची 'बोल्ट' ही २०० अश्वशक्तीची, दिसायला अगदी साधी, बाजारहाट करण्याजोगी विद्युत मोटार ६० मैलांचा वेग साधारण साडेसहा सेकंदांत गाठत असे. १९६८ च्या साध्या ३८३ घनइंची 'रोड रनर'ला तत्कालीन चाचण्यांत सात सेकंदांच्या आसपास वेळ लागत होता.

'बोल्ट'ची २०२३ मधील मूळ किंमत २६,५०० डॉलर होती. त्या वर्षी अमेरिकन घराचे मध्यक उत्पन्न सुमारे ८०,६०० डॉलर होते. पुन्हा तोच तिसरा हिस्सा! (१९७० चा आकडा 'कुटुंबा'चा आणि २०२३ चा 'घरा'चा आहे, दोन्हींच्या व्याख्या भिन्न असल्याने ही तुलना स्थूलमानानेच घ्यावी.) 'सामान्य माणसाला परवडणारी शक्ती' ही मसल कारची मूळ व्याख्या प्रमाण मानली तर 'रोड रनर'ची खरी वारसदार ही बोजड दिसणारी 'बोल्ट' ठरते. ती मिशिगनमधील ओरायन येथे तयार होत होती. 'जीटीओ' जेथे बनत असे ते पाँटिॲक शहर तेथून अवघ्या काही मैलांवर आहे. कोणताही शौकीन हा निष्कर्ष मान्य करणार नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. तथापि तो मान्य का करणार नाही, हाच या विषयातील खरा प्रश्न आहे.

अस्ताची कारणमीमांसा

मसल कार सरकारी नियमांनी आणि अरब राष्ट्रांच्या तेलबंदीने मारली, असे शौकिनांच्या लेखनात वारंवार आढळते. कालक्रम या विधानाला पुष्टी देत नाही. तेलबंदी ऑक्टोबर १९७३ मध्ये आली. 'जीटीओ'चा खप मात्र १९६९ मधील सुमारे ७२ हजारांवरून १९७० मध्ये ४० हजारांवर, १९७१ मध्ये साडेदहा हजारांवर आणि १९७२ मध्ये सहा हजारांच्याही खाली आला होता. तेलाचा तुटवडा होण्यापूर्वीच गिऱ्हाईक निघून गेले होते.

त्याला घालविण्यात विम्याचा वाटा मोठा होता. अपघातांचे प्रमाण पाहून विमा कंपन्यांनी १९६९-७० च्या सुमारास शक्तिशाली मोटारींवर आणि विशेषतः पंचविशीच्या आतील चालकांवर जबर जादा हप्ता लादण्यास सुरुवात केली. मोटार परवडत होती, पण तिचा विमा परवडेनासा झाला. स्वस्त शक्तीची कल्पना येथेच मोडली. १९६५ साली राल्फ नेडर यांचे 'अनसेफ ॲट एनी स्पीड' हे पुस्तक प्रसिद्ध झाले होते आणि १९६६ मध्ये वाहनसुरक्षेचा राष्ट्रीय कायदा झाला होता, हीही पार्श्वभूमी लक्षात घ्यावी लागते. १९७० च्या अखेरीस स्वच्छ हवेसंबंधीच्या कायद्याने धुरातील प्रदूषके ९० टक्क्यांनी घटविण्याचे बंधन घातले. शिसेविरहित पेट्रोलची तयारी म्हणून जनरल मोटर्सने १९७१ च्या मोटारींत संपीडन गुणोत्तर उतरविले. नियमांचा परिणाम झाला हे खरे, परंतु तो आधीच ओसरणाऱ्या मागणीवर झाला. तेलबंदी सर्वांत शेवटी आली आणि सर्वांत अधिक लक्षात राहिली.

हात आणि आवाज

शौकीन 'बोल्ट'ला वारसदार का मानीत नाहीत, याचे एक उत्तर हाताशी निगडित आहे. १९६०-७० च्या मोटारीचे कार्बोरेटर, प्लग आणि पॉइंट मालकाला स्वतः जुळविता येत. साध्या पान्यांच्या संचाने तो यंत्राशी बोलू शकत होता, असे म्हटले तरी चालेल. आजच्या मोटारीत, मग ती पेट्रोलची असो वा विजेची, नियंत्रण सॉफ्टवेअरकडे आहे आणि त्याची किल्ली कंपनीच्या हाती आहे. हा केवळ स्मरणरंजनाचा विषय नाही. मॅसॅच्युसेट्स राज्यातील मतदारांनी २०१२ मध्ये आणि पुन्हा नोव्हेंबर २०२० मध्ये मोटारमालकाच्या दुरुस्तीच्या हक्काला कौल दिला; दुसऱ्या वेळी मोटारीतून कंपनीकडे जाणाऱ्या बिनतारी माहितीचाही प्रश्न होता. जुन्या मोटारींच्या चाहत्यांचे आक्षेप येथे अधिक गांभीर्याने घ्यावेत, असे आमचे मत आहे. मालकी म्हणजे नेमके काय, असा प्रश्न ते आपल्या भाषेत विचारीत असतात.

या बाबतीत आपल्याकडील अनुभव स्मरतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्रायस्लरशी करार करून १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ आणि डिसोटो मोटारी जुळविल्या. अमेरिकेत त्याच डॉज आणि प्लिमथ हेमी इंजिने बसवू लागल्या, तोपर्यंत कुर्ल्यात १,०८९ घनसेंटिमीटरच्या, चाळीसच्या आसपास अश्वशक्तीच्या फियाटचे राज्य होते आणि तीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून थांबावे लागे. हेमीचे इंजिन तिच्या साडेसहा पटींहून थोडे कमी होते. तरीही पुढे 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने धावलेल्या त्या मोटारीविषयी मुंबईकरांना वाटणारी माया आणि 'रोड रनर'विषयी डेट्रॉइटच्या निवृत्त कामगाराला वाटणारी माया यांत जातीचा फरक नाही. दोन्ही यंत्रे रस्त्याच्या कडेला, कोपऱ्यावरच्या मेकॅनिकच्या हातून दुरुस्त होत होती. ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली. पुढच्या दोनच महिन्यांत, डिसेंबर २०२३ मध्ये, कॅनडातील ब्रँप्टन येथे डॉज चॅलेंजरचे उत्पादन थांबले. त्याच महिन्यात ओरायन येथील 'बोल्ट'चेही.

आवाजाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी विद्युत मोटारी अमेरिकेत चांगल्याच प्रचलित होत्या. १९०७ पासून 'डेट्रॉइट इलेक्ट्रिक' नावाची मोटार बनत होती. खुद्द हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा यांच्याकडे ती होती. शांत, स्वच्छ, दांडा फिरवून सुरू न करावी लागणारी, म्हणून स्त्रियांसाठी योग्य, अशी तिची जाहिरात होत असे. १९१२ मध्ये कॅडिलॅकने विजेवर चालणारा स्टार्टर आणला आणि पेट्रोल मोटारीचा दांडा सुटला. विद्युत मोटारीच्या ऱ्हासाला विजेनेच हातभार लावला, असा हा विरोधाभास आहे. परंतु आवाज व धूर म्हणजे पुरुषी आणि शांतता म्हणजे बायकी, हे समीकरण मात्र मागे उरले. 'मसल' या शब्दात ते स्पष्ट ऐकू येते. २०२४ मध्ये डॉजने चार्जर 'डेटोना' ही विद्युत मोटार आणली तेव्हा तिला कृत्रिम आवाज काढणारी यंत्रणा बसविली आणि तो 'हेलकॅट'इतकाच मोठा असल्याची ग्वाही दिली. जो आवाज एकेकाळी इंजिनाचा उपपदार्थ होता, तो आता स्वतंत्र भाग म्हणून बसवावा लागला. गिऱ्हाइकांचा प्रतिसाद थंडच राहिला आणि कंपनीने त्याच सांगाड्यात पेट्रोल इंजिनाचीही आवृत्ती काढली.

जुन्या मोटारींचे पुढे काय झाले, हेही पाहिले पाहिजे. २०१४ मध्ये १९७१ च्या खुल्या छताच्या प्लिमथ 'हेमी कुडा'ला सिॲटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरची बोली आली. कामगाराच्या मुलासाठी बनलेल्या घराण्यातील ही मोटार आता कोट्यधीशांच्या वातानुकूलित दालनात असते. तिचा मालक तिचे प्लग स्वतः बदलत असेल, असे वाटत नाही.

हॅमट्रॅमॅकची जमीन

ही 'कुडा' जेथे बनली तेथे आता जावयास हवे. डेट्रॉइट महानगराने जवळजवळ सर्व बाजूंनी वेढलेले हॅमट्रॅमॅक हे एक छोटे शहर आहे. जॉन आणि होरेस डॉज या बंधूंनी १९१० मध्ये तेथे कारखाना उभारण्यास प्रारंभ केला. 'डॉज मेन' या नावाने तो ओळखला जाई. त्याच्या भोवती पोलंडमधून आलेल्या कामगारांची वस्ती वाढली. १९२८ मध्ये डॉज कंपनी क्रायस्लरकडे गेली. १९६९ च्या शरदऋतूपासून १९७४ पर्यंत डॉज चॅलेंजर आणि प्लिमथ बॅराकुडा या मोटारी येथे तयार झाल्या.

शौकिनांच्या पुस्तकांत या कारखान्याचे नाव मोटारीच्या क्रमांकपट्टीवरील एका सांकेतिक अक्षरापुरते येते. त्या अक्षरामागे माणसे होती. डेट्रॉइटच्या जुलै १९६७ च्या उद्रेकाला वर्षही झाले नव्हते, तेव्हा मे १९६८ मध्ये असेंब्ली लाइनचा वेग वाढविल्याच्या निषेधार्थ डॉज मेनमधील कामगारांनी युनियनच्या परवानगीविना काम बंद पाडले. गोरे आणि कृष्णवर्णीय असे दोन्ही कामगार त्यात होते. शिक्षा मात्र मुख्यतः कृष्णवर्णीयांना झाली. त्यातून 'डॉज रेव्होल्यूशनरी युनियन मूव्हमेंट' ही संघटना जन्मास आली आणि जुलैमध्ये तिने स्वतंत्र संप घडवून आणला. मालकाइतकाच तिचा रोष गोऱ्या नेतृत्वाखालील युनियनवरही होता. ग्राहकाला स्वस्तात शक्ती मिळावी म्हणून लाइनवरच्या माणसाला किती वेगाने हात चालवावे लागत, हा मसल कारच्या किमतीचा न छापलेला भाग होता.

क्रायस्लर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली आणि जानेवारी १९८० मध्ये डॉज मेन बंद झाला. त्या जागेवर आणि लगतच्या वस्तीवर नवा कारखाना बांधण्याची तयारी जनरल मोटर्सने दाखविली. जमीन मोकळी करून देण्याची जबाबदारी डेट्रॉइट नगरपालिकेने उचलली. 'पोलटाउन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या वस्तीतील सुमारे ४,२०० लोकांना घरे सोडावी लागली. रहिवाशांनी न्यायालयात धाव घेतली. त्यांच्या मदतीला राल्फ नेडर यांचे सहकारी आले. मोटार उद्योगाशी त्यांचा संघर्ष सोळा वर्षांनी असा दुसऱ्या रूपात उभा राहिला. मार्च १९८१ मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने नगरपालिकेच्या बाजूने निकाल दिला. रोजगारनिर्मिती हा सार्वजनिक हेतू असून त्यासाठी खाजगी कंपनीला देण्याकरिता जमीन संपादन करता येते, असा त्याचा आशय होता. त्या उन्हाळ्यात इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्च पाडण्यात आले. २००४ मध्ये त्याच न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात पोलटाउनचा निर्णय चुकीचा ठरवून रद्द केला. तोपर्यंत तेथे परत जाण्यासारखे काही राहिले नव्हते. भूसंपादनाचे वाद ज्यांनी आपल्या जिल्ह्यात पाहिले आहेत, त्यांना या क्रमात अपरिचित असे काही आढळणार नाही.

नव्या कारखान्यात १९८५ पासून मोटारी बनू लागल्या. सहा हजार नोकऱ्यांचे आश्वासन होते. प्रत्यक्षात तेवढ्या मिळाल्या नाहीत. २०१० पासून येथे 'व्होल्ट' ही विजेवर आणि पेट्रोलवर चालणारी मोटार तयार झाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये कंपनीने या कारखान्याला पुढे कोणतेही मॉडेल देण्यात येणार नसल्याचे जाहीर केले. २०१९ च्या चाळीस दिवसांच्या संपानंतर तो वाचला. २०२० मध्ये २.२ अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीची घोषणा होऊन त्याचे 'फॅक्टरी झीरो' असे नामकरण झाले. नोव्हेंबर २०२१ मध्ये येथून पहिली विद्युत 'हमर' बाहेर पडली. एक हजार अश्वशक्ती, तीन सेकंदांच्या आसपास ६० मैलांचा वेग, वजन चार टनांहून अधिक आणि पहिल्या आवृत्तीची किंमत १,१२,५९५ डॉलर. ज्या जमिनीवरून सामान्य कामगाराला परवडणाऱ्या शक्तीची मोटार निघत होती, त्याच जमिनीवरून सामान्य घराच्या दीड वर्षाच्या मिळकतीइतक्या किमतीची मोटार निघाली. तिचा वेग हेमीला लाजविणारा आहे, याविषयी शंका नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये, विद्युत मोटारींवरील संघीय करसवलत संपल्यानंतर मागणी घटल्याचे कारण देऊन, कंपनीने या कारखान्यातील सुमारे १,२०० कामगारांना कमी करण्याचे जाहीर केले.

कारखान्याच्या कुंपणाच्या आत 'बेथ ओलेम' नावाचे एक जुने ज्यू कब्रस्तान आहे. डॉज मेन बांधला गेला तेव्हा ते तेथे होते, पोलटाउन पाडले गेले तेव्हाही ते हलविण्यात आले नाही. वर्षातून दोन वेळा, सणांच्या आधी, कारखान्याचे फाटक उघडून आप्तांना आत सोडले जाते. थडग्यांना भेट देण्यासाठी येणाऱ्यांना मोटारी ठेवण्याच्या आवारातून जावे लागते.